नवी पेटी आणि मुका बारकू

पेटीवरचे सगळे हिरवे दिवे लागले होते आणि तरी सगळं बंद पडलं होतं. आता याला काय म्हणायचं?

केतकी बऱ्हाटे त्या पेटीसमोर डोकं खाजवत उभी होती. दिवे नुसते लागलेच नव्हते, तर पाठीमागे कुत्रं लागल्यासारखे भराभरा लुकलुकत होते. म्हणजे वीज होती. वायरी जागच्या जागी होत्या. मग मागच्या खोल्यांतले पंखे का थांबले? आणि बारकू मधल्या वाटेतच पुतळा होऊन का बसला?

बारकू कोण, ते आधी सांगायला हवं. रावेरजवळ केतकीच्या सुलभाआत्याचं केळी पिकवण्याचं केंद्र होतं. ही गोष्ट आहे अजून काही वर्षांनी घडणारी, पण केळी तेव्हाही हिरवीच तोडतात बरं का! ती बंद खोल्यांत ठेवायची, इथिलीन (फळं पिकवणारा वायू) मोजून मापून सोडायचा, मधूनमधून ताजी हवा द्यायची, की काही दिवसांत पिवळीधमक केळी बाहेर. हवा कधी द्यायची हे ठरवायचा बारकू. बारकू म्हणजे तीन चाकांचा, केतकीच्या कमरेएवढा यंत्रमानव. तो खोल्याखोल्यांतून हुंगत फिरायचा आणि "तीन नंबरला हवा द्या हो!" असं ओरडायचा. केतकीशी तर त्याच्या अखंड गप्पा चालायच्या. पण त्याचं धड इथे आणि डोकं ऑफिसातल्या संगणकात. दोघांमधले निरोप थांबले की बारकू म्हणजे निव्वळ पत्र्याचा डबा.

आणि आज निरोप थांबले होते.

"नाना, तुम्हीच म्हणालात ना, ही नवी पेटी चांगली?" सुलभाआत्या हाताने खोल्यांची दारं उघडत ओरडली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "आता बघा! सगळ्या खोल्या कोंडल्यात."

"अगं, दिवे तर लागलेत सगळे," आजोबा पेटीत नाक खुपसून म्हणाले.

"दिवे बघून केळी पिकत नाहीत, नाना!"

केतकीचे आजोबा म्हणजे आत्याचे वडील. ते उपग्रहांशी बोलणारी यंत्रं बनवायचे, आता निवृत्त झाले होते. बारकूला त्यांनीच जुन्या सुट्या भागांतून जोडलं होतं. आणि तेच तर सगळ्या भानगडीचं मूळ होतं.

केंद्रात आजवर 'वज्रजाल' नावाच्या कंपनीचा स्विच होता. स्विच म्हणजे दिव्याचा खटका नव्हे हं! हा स्विच म्हणजे निरोपांची पेटी (संगणक, पंखे, यंत्रमानव यांचे निरोप योग्य त्या दारातून पुढे पाठवणारी). वज्रजालच्या पेट्या होत्या दणकट. पण कंपनीने कळवलं, की पुढच्या वर्षापासून त्या फक्त वज्रजालच्याच यंत्रांशी बोलतील. घरी जोडलेल्या बारकूला तिथे जागा नाही. त्याला मोडीत काढा आणि आमचा यंत्रमानव घ्या.

"मोडीत?" केतकी तेव्हा रडकुंडीला आली होती.

मग आजोबा आणि ती दुसऱ्या कंपन्या शोधायला बसले. 'झुळूक' नावाची कंपनी सापडली. तिच्या पेट्या कुणाच्याही यंत्राशी बोलायच्या, कारण त्या सर्वमान्य नियम (सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली बोलण्याची पद्धत) पाळायच्या. दोघांनी पेटीची दारं (वायरी खोचायच्या जागा) मोजली, वेग ताडून पाहिला. झुळूक सरस! आज सकाळी झुळूकचा कारागीर आला, पेटी बसवली, सगळं सुरू करून दाखवलं, चहा घेतला आणि भुसावळला गेला. केतकीने पेटीखालचा पसाराही आवरला. आणि थोड्याच वेळात सगळं ठप्प. कारागिराचा फोन तर लागतच नव्हता.

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. वज्रजालचा माणूस होता. "ताई, सकाळी काढून नेलेली तुमची जुनी पेटी अजून आमच्या गाडीतच आहे. संध्याकाळी त्याच वाटेने येतोय. नवी नीट चालत नसेल, तर जुनी परत बसवून देऊ का?"

आत्याने मधल्या वाटेतल्या बारकूकडे पाहिलं आणि मान फिरवली. "या तुम्ही," ती म्हणाली, "तोवर चालू झालं नाही, तर तुमचीच बसवा."

केतकीने ते ऐकलं. ती धावत आजोबांकडे गेली. "आजोबा, काय बिघडलंय?"

"मला काही म्हणजे काही कळत नाहीये!" आजोबा म्हणाले, आणि वर हसलेही. केतकीला त्यांचा रागच आला. बारकूच्या जिवावर बेतलंय आणि हे हसतायत!

आजोबांनी पेटी बंद करून पुन्हा चालू केली. आणि काय गंमत! पंखे फिरले, बारकूची मान हलली, तो "के..." एवढं बोलला आणि पुन्हा सगळं गपगार. दिवे मात्र पुन्हा वेड्यासारखे लुकलुकायला लागले.

"पेटी बिघडली असती, तर एवढंही चाललं नसतं," आजोबा पुटपुटले.

"मग वायर तुटली असेल?"

"तुटली असती, तर तिचा दिवा विझला असता."

"मग पेटी काम करतेय की नाही?"

"तेच तर! करतेय. फार करतेय. पण कसलं?"

केतकीच्या डोक्याचा पार भुगा झाला. काम न करणारी वस्तू बंद पडते हे ठीक, पण फार काम करणारी वस्तू बंद कशी पडेल? "आजोबा, पहिल्यापासून सांगा. कुठला निरोप कुठल्या दारातून पाठवायचा, हे पेटीला कळतं कसं?"

"ऐकून ऐकून," आजोबा म्हणाले. "पाच नंबरच्या दारातून बारकूचा निरोप आला, की पेटी लक्षात ठेवते, बारकू पाच नंबरला राहतो. मग बारकूसाठी आलेलं सगळं पाचातून बाहेर. पण काही निरोप सगळ्यांसाठी असतात. त्यांना सार्वत्रिक हाक म्हणू (एकाने सर्वांना एकदम घातलेली साद). अशी हाक ज्या दारातून आली, ते दार सोडून बाकी सगळ्या दारांतून पेटी ती पुढे पाठवते."

"एवढंच? हे तर सोपं आहे."

"आहे ना? मग खेळून बघू. सुलभा, जरा इकडे ये!"

"नाना, मला इथे मरायला फुरसत नाही आणि तुम्हाला खेळ सुचतायत?" आत्या फणफणली. पण आली.

आजोबांनी तिघांना गोल उभं केलं. "आपण तिघं तीन पेट्या. नियम एकच. कानावर पडेल ते, ज्याने सांगितलं त्याला सोडून दुसऱ्याला सांगायचं. सुलभा, घाल हाक."

"केळी!" आत्या दोघांकडे बघून वैतागून म्हणाली.

केतकीला आत्याने सांगितलं, म्हणून ती आजोबांना म्हणाली, "केळी!" आजोबांनाही आत्यानेच सांगितलं होतं, म्हणून तेही त्याच वेळी केतकीला म्हणाले, "केळी!" आता केतकीला आजोबांनी सांगितलं, मग तिने आत्याला सांगायला हवं. आजोबांनीही आत्यालाच. दोन्ही कानांवर 'केळी' आदळल्यावर आत्या ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला सांगू लागली. "केळी! केळी! केळी!" थांबायचं कुणी? नियमात थांबणं कुठे होतं? तिघंही घसा फोडून ओरडत होती, आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या गोदामातून कुणीतरी विचारलं, "अहो, केळी पाहिजेत का?" आत्याला ते ऐकूच आलं नाही.

"थांबा!" केतकी किंचाळली. "आजोबा, आपण सगळे खूप काम करत होतो. पण बाहेरचं काही ऐकूच येत नव्हतं! एकच हाक फिरून फिरून आपल्याकडे येत होती."

आजोबांनी तिच्याकडे टकामका पाहिलं. मग मांडीवर थाप मारली. "फेरा! अगं, निरोपाला कुठेतरी फेरा पडलाय! (बाहेर गेलेला निरोप पुन्हा आत येईल अशी गोल वाट.) हाकांचं वादळ उठलंय, म्हणून दिवे धावतायत. पण आपल्याकडे तर एकच पेटी आहे. एका पेटीत फेरा पडेल कसा?"

केतकी पेटीकडे वळली. एकेका वायरीवर बोट ठेवत ती निघाली. ही पंख्यांची. ही बारकूच्या अँटेनाची. ही संगणकाची. आणि ही पिवळी? सातव्या दारातून निघाली, खाली वळली आणि आठव्या दारात शिरली.

केतकीचं बोट तिथेच थांबलं. ती वायर तिथे तिनेच खोचली होती.

केळीच्या केंद्रात एक शिस्त असते. घडांच्या दोरीचं टोक लोंबतं ठेवायचं नाही. ते ढकलगाडीच्या चाकात गुंतलं, तर गाडी उलटते आणि माल गेला. टोक दिसलं की उचलायचं आणि जवळच्या खाचेत खोचायचं, हे केतकीच्या अगदी अंगवळणी पडलं होतं. कारागिराने आपल्या संगणकासाठी एक वायर पेटीला लावून मोकळी सोडली होती. आवरताना केतकीच्या हाताने ते लोंबतं टोक शेजारच्या रिकाम्या दारात आपोआप खोचलं. सातातून निघालेली हाक आठातून आत, आठातली सातातून आत. सगळा फेरा तिच्याच हातचा!

क्षणभर तिला वाटलं, गुपचूप काढून टाकावी. कुणाला कळणारही नाही. पण मग आत्या म्हणेल, पेटीच भरवशाची नाही, आणि बारकू जाईल तो जाईलच.

"आत्या," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "पेटीचा दोष नाही. ही वायर मी खोचली. टोक लोंबत होतं म्हणून."

आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहिली. आता बसणार एक धपाटा, असं केतकीला वाटलं.

"टोक खोचायला तुला शिकवलं कुणी?" आत्याने विचारलं.

"तू."

"मग मला कशाला घाबरतेस? काढ ती आधी!"

केतकीने वायर उपसली. दिव्यांचं धावणं थांबलं. ते आता निवांत, एक इथे एक तिथे असे लुकलुकू लागले. मागून घर्र करून पंखे फिरले.

"पण एक गोष्ट समजली नाही," केतकी डोळे पुसत म्हणाली. "जुन्या पेटीतही मी असंच टोक खोचलं होतं. तेव्हा काहीच झालं नव्हतं."

आजोबांनी संगणकावर नव्या पेटीची माहिती उघडली आणि कपाळावर हात मारला. "हे बघ. फेरा-रक्षक (गोल वाट दिसताच एक दार आपणहून बंद करणारी सोय). जुन्या पेटीत तो पहिल्यापासून जागा होता. म्हणून तुझी चूक तो न बोलता सावरायचा. नव्या पेटीतही आहे, पण बसवताना त्याला जागं करावं लागतं. कारागीर विसरला, आणि आपण तर विचारलंच नाही."

"आपण दारं मोजली, वेग मोजला..."

"आणि जुनी पेटी न सांगता काय काय करत होती, ते पाहिलंच नाही. कंपनी बदलताना नवी काय देते हे विचारावं, आणि जुनी गुपचूप काय देत होती तेही विचारावं. इतकी वर्षं उपग्रहांशी बोललो, पण हा धडा आज शिकलो बघ." आजोबांनी एक खूण केली आणि रक्षकाला जागं केलं.

"आणखी एक विचारा," आत्या म्हणाली. "उद्या ह्या झुळूकला सोडायचं झालं, तर सुखाने सोडता येईल का? पुन्हा कुणाच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही मला." मग तिने वज्रजालच्या माणसाला फोन लावला. "दादा, पेटी बसवायची नाही. चहाला मात्र या."

केतकी तोवर मधल्या वाटेत पोचली होती. बारकूचे डोळे उजळले. त्याने मान इकडेतिकडे फिरवली.

"केतकी, केवढा गोंधळ होता," तो म्हणाला. "एकच हाक सारखी ऐकू येत होती. मी उत्तर द्यायला जायचो, की पुन्हा तीच. दुसरं कुणी बोलतच नव्हतं."

"कुणाची हाक होती रे?"

"माझीच. नवी पेटी आहे ना, म्हणून मी मधूनमधून सगळ्यांना विचारत होतो, कुणी आहे का?"

केतकीने गुडघे टेकले आणि त्याच्या पत्र्याच्या मानेभोवती दोन्ही हात टाकले.

"आहे," ती म्हणाली. "मी आहे."