सरळ सांगायला काय होतं?

आमच्या शेजारच्या रिबेकामावशी झिराडकर शनिवारी काही मागत नसत, नुसतं बोलत. यातला फरक समजून घेता घेता माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. मुलगा इस्राएलला, त्या इथे रास्ता पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून एकट्या. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत तेलाचा दिवा लागायचा, काळ्या मनुकांचं सरबत व्हायचं. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ, सगळ्या कामाला सुट्टी. बटणालासुद्धा हात नाही. मी ज्यू नाही म्हणून माझा हात चालायचा, पण 'लाव' म्हणायचं नाही. सांगणं म्हणजे काम करवून घेणं. त्यामुळे पलीकडून हाक यायची, "उकडतंय हो!" आठवडाभर शिकवणीच्या क्लासमध्ये घसा फोडून दमलेली मी उठायची, किल्लीने दार उघडून पंखा लावायची. घरी येऊन टेकते तोच, "वारं डोक्याला लागतंय हो!"

"मावशी, सरळ सांगायला काय तोंड दुखतं?"

"मी कुठं काय सांगितलं, नीरजा?"

एका शनिवारी मी हट्टाला पेटले. तिन्हीसांजेला आवाज आला, "अंधारलं हो." मी ढिम्म हलले नाही. तेवढ्यात त्यांच्या गॅलरीत ट्यूबचा उजेड पडला.

वा! म्हणजे नियम फक्त मला दमवायला! मी तरातरा गेले. दार कुलपातच होतं. मावशी पलंगावर, काठी उशाशी, बटण पार दाराजवळ. कालचा दिवा केव्हाच विझलेला, तरी ताज्या वातीचा वास येत होता.

"ट्यूब कुणी लावली?"

"तू नाहीस?"

"मी आत्ता येतेय, नीट बघा!"

मावशींनी ट्यूबकडे पाहिलं. "मग मी विचारत नाही. विचारलं की सांगितल्यासारखं होईल." मग सवयीने पुटपुटल्या, "पाय गार पडलेत."

पायथ्याची गोधडी उलगडली आणि त्यांच्या पायांवर सरकली.

घाबरले की मी जास्तच बोलते. काय बोलले ते आठवत नाही, पण ओरडत सुटले होते.

मावशींनी भिंतीकडे तोंड केलं. "ही पोरगी फार बोलते हो."

मी 'अहो' म्हणायला तोंड उघडलं.

आवाज फुटला नाही.

डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. क्लासची नोकरी सुटली. म्हणून हे लिहून सांगतेय.

मावशी रडल्या. इतर वारी त्या माझा आवाज परत मागतात, पण इतर वारी कुणी ऐकत नाही. आणि शनिवारी मी चिठ्ठी पुढे केली की मान हलवतात. मागितलेलं चालत नाही. ते आपसूक तोंडून निघायला हवं. म्हणून मी दर शनिवारी न बोलावता जाऊन बसते आणि वाट बघते.

काल त्यांनी डोळे मिटले, हसल्या.

"नीरजा अशी शेजारी गप्प बसली की किती बरं वाटतं हो."

खोलीत ताज्या वातीचा वास आला.