पिनियल काढलेल्या आयांची पिल्लं

वळ गावच्या गोदामांच्या रांगेत आमची प्रयोगशाळा. एका बाजूला टाइल्सचं गोदाम, दुसऱ्या बाजूला कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. दिवस कुठला, रात्र कुठली, हे शरीराला मेंदूतली पिनियल ग्रंथी सांगते. ती काढलेल्या उंदरिणींची पिल्लं कधी झोपतात, कधी उठतात, एवढंच मी आणि माझा सहकारी हमजा बघत होतो. खोलीत फक्त मिणमिणता लाल दिवा, कारण उंदरांना लाल रंग दिसत नाही.

पिल्लं वाटेल तेव्हा उठत. ते अपेक्षितच होतं. पण सगळ्या पिंजऱ्यांतली एकाच क्षणी उठत. मला हमजाचा संशय आला. हा माझ्या माघारी दार उघडून उजेड आत सोडत असणार, नाहीतर असं होईलच कसं?

"माझ्यावर कशाला डाफरता, उन्नती मॅडम?" तो म्हणाला. "लूम बंद पडला असेल. आमच्या घरी खटखट थांबली की तान्ही पोरं जागी व्हायची."

शुक्रवारी लूमना सुट्टी. त्या दिवशी किल्ली ताब्यात घेऊन मी एकटीच पिंजऱ्यांसमोर बसले. शेजारी शुकशुकाट. दुपारी पिल्लं उठली आणि माझ्या पोटात बाळानं लाथ मारली. ती निजली, बाळ थांबलं. पुन्हा उठली. पुन्हा लाथ.

दर वेळी आधी पिल्लं, मग बाळ.

मला सहावा महिना होता. आधीची दोन पोटातच गेली होती. आणि उद्या नियमाप्रमाणे या पिल्लांना गॅस देऊन मारायचं होतं. मी हमजाला बोलावून घेतलं.

"मारायचं नाही," मी त्याला सांगितलं.

"का?"

"मोठी होऊ देत. पुढचंही बघू."

आता तो माझ्याकडे संशयानं बघत होता. "मग ओळखायला खुणा कराव्या लागतील."

"कर की."

सोमवारी मी घरी असताना त्यानं सगळ्यांच्या डाव्या कानाला नेहमीच्या चिमट्यानं भोकं पाडली. पिल्लं जगली, मला हायसं वाटलं.

पुढं मुलगी झाली. धडधाकट, रडकी. मला आनंदानं हुंदका आला. सरला सिस्टर तिला पुसून माझ्या कुशीत ठेवत हसली.

"अगं बाई, ही तर बारशाआधीच कान टोचून आली हाय. डावाच तेवढा."

मी वाकून बघितलं. जखम कधीच भरून सुकली होती.