गाडी उभी असताना

त्या सकाळी सुरतजवळच्या इच्छापोरच्या कारखान्याची बस नेहमीचे ड्रायव्हर बळीरामकाका आणणार होते. ते आजारी पडले, आणि डिंडोलीच्या नाक्यावर गायत्री बसमध्ये चढली तेव्हा स्टिअरिंगवर एक अनोळखी तरुण होता.

"बेसो, बेन," तो तिला बसायची खूण करत म्हणाला.

गायत्री गुजरातीत समजावू लागली. ड्रायव्हरची नजर कुठे जाते, लक्ष कशाने विचलित होतं, यावर तिचं कॉलेजात संशोधन चालू होतं. त्यासाठी समोर कॅमेरा लावायचा होता. बोलता बोलता ती मराठीवर घसरली, तसा तो हसला.

"मग आधीच मराठीत बोलायचं ना. मी लोकेश. भेस्तानला राहतो. लावा कॅमेरा."

बळीरामकाका बरे होऊन दुसऱ्या बसवर गेले. ही बस लोकेशकडेच राहिली. गायत्री रोज त्याच्या मागच्या सीटवर बसायची.

"मॅडम, आज मी जांभया दिल्या का?"

"सांगायचं नसतं."

"म्हणजे दिल्या."

"मी इथे आहे हे विसरून चालवा ना."

"प्रयत्न करतो… पण जमत नाही."

ती खिडकीबाहेर बघायची. ओठांवरचं हसू मात्र तिला लपवता यायचं नाही. आरशात त्याचे डोळे क्षणभर दिसायचे, की तिने मान वळवलीच.

मग एके दिवशी हजिरा रोडवर एक सायकलवाला खड्डा चुकवायला मध्ये आला. लोकेशने करकचून ब्रेक दाबला. तरी सायकलला धक्का लागलाच. माणूस बाजूच्या मातीत पडला, कपडे झटकत उठला. लोकेशने खाली उतरून त्याचे हातपाय चाचपून पाहिले.

दुपारी गायत्रीने रेकॉर्डिंग पाहिलं. ब्रेकच्या आधी त्याची नजर वरच्या आरशात होती. त्या आरशात तिच्या सीटशिवाय काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामगार उतरल्यावर ती म्हणाली, "काल तुमचं लक्ष रस्त्यावर नव्हतं."

"कुठे होतं… तेही दिसतं?"

"दिसतं."

लोकेशने स्टिअरिंगवरचे हात काढले. "त्या सायकलवाल्याला काही झालं असतं तर…"

"म्हणून उद्यापासून मी बसमध्ये नसेन. फक्त कॅमेरा असेल."

लोकेशने मान हलवली. थांबा असं तो म्हणाला नाही, आणि तेच बरोबर होतं. तरी रिक्षात बसल्यावर तिचे डोळे भरून आले.

आता तो तिला फक्त पडद्यावर भेटायचा. नजर समोर, हात स्थिर. तिला हवी होती तशीच गाडी तो चालवत होता. एकदाही त्याचे डोळे आरशाकडे वळले नाहीत. तिने सुटकेचा श्वास सोडायला हवा होता… पण तेच रेकॉर्डिंग ती पुन्हा पुन्हा लावायची, नुसता त्याचा चेहरा बघायला.

श्रावण सरत आला. एका रेकॉर्डिंगच्या शेवटी इच्छापोरला बस रिकामी झाली. लोकेशने इंजिन बंद केलं, चावी काढली, आणि पहिल्यांदाच सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

"गायत्री, गाडी उभी आहे," तो हळूच म्हणाला. "आता बघितलं तर चालेल?"

दुसऱ्या दिवशी कामगार उतरत होते, तेव्हा ती कारखान्याच्या फाटकाजवळ उभी होती. बस रिकामी झाल्यावर ती वर चढली. तिने कॅमेरा बंद केला आणि त्याच्या बाजूच्या सीटवर त्याच्याकडे तोंड करून बसली.

लोकेश मान खाली घालून चावीशी चाळा करत राहिला. कान लाल झाले होते.

"बघा ना," ती म्हणाली, "मीही किती दिवस वाट पाहिली…"

त्याने डोळे वर केले. या वेळी तिने मान वळवली नाही.