हनुमंताच्या गाडीचा क्लच

ही बनवलेली गोष्ट नाही. पटत नसेल त्यानं तिसगावला यावं, गाडी अजून माझ्या दुकानात उभी आहे.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. भर दुपार. अंधार नव्हता, रात्र नव्हती. मी आयुष्यात कधी दारूला शिवलेलो नाही, हेही आधीच सांगतो.

माझं नाव कारभारी. वय बहात्तर. पाथर्डीच्या रस्त्याला माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा मला मिळाली नाही. अक्षरं साठीनंतर पुतणीनं शिकवली.

पुतणी म्हणजे ज्ञानेश्वरी. माझ्या धाकट्या भावाची, हनुमंताची मुलगी. ती अकरा दिवसांची होती तेव्हा हनुमंत गेला. पाच वर्षांनी तिची आईही गेली. पोरीला मीच वाढवलं. मला दुसरं कुणी नाही.

ती आता एसटीत कंडक्टर आहे.

गेल्या वर्षी आखाडात ती म्हणाली, "तात्या, पप्पांची राजदूत चालू करून द्या."

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी तीस वर्षं गोणपाटाखाली उभी होती. मी तिच्याकडं बघतसुद्धा नव्हतो.

"काय करतीस त्या भंगाराचं?"

"दसऱ्याला आजोळी जायचंय त्या गाडीवर. पारनेरकडं."

"घाट हाय मधी. झेपंल का तुला?"

"सत्तर माणसं कोंबलेल्या गाडीत तिकिटं फाडते मी, तात्या. एक राजदूत आवरायची न्हाई व्हय?"

नाही म्हणता आलं नाही.

इंजिन महिनाभरात बोललं. क्लच मात्र मी शेवटी ठेवला. उघडायची छाती होत नव्हती.

कारण सांगतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तीस वर्षांपूर्वीचीही खंडेनवमीच होती. त्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करतो. पाने, हातोडी, सगळं पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावायचा नाही.

दुपारी हनुमंत आला. गाडी पावसाळाभर लिंबाखाली उभी होती, क्लचमध्ये पाणी गेलं होतं.

"दादा, क्लच दाबला तरी गाडी वढती. येवढं बघ की."

"हत्यारं पुजलीत. उद्या ये."

"उद्या सासरवाडीला बारसं हाय माझ्या लेकीचं! अजून त्वांड बघितलं न्हाई मी तिचं. देवाला सांग, पोरीचं काम हाय म्हणावं."

"देव काय तुझा मेहुणा लागतो का ऐकायला?"

तो हसला. "बरं बाबा. देवाला आन तुला, दोघांनाबी रामराम."

आणि गेला.

खरं सांगतो. देवाचं निमित्त होतं. पुरणपोळी खाऊन माझे डोळे मिटत होते. उठायचा कंटाळा आला होता. एवढंच.

करंजी घाटातल्या वळणावर पुढं ट्रक उभा होता. हनुमंताची गाडी थांबली नाही, ओढत गेली. बघणारे सांगत होते, क्लचची लिव्हर त्याच्या मुठीत तशीच आवळलेली होती...

लेकीचं तोंड बघायचं राहिलं.

गेल्या वर्षी नवरात्रात मी तो क्लच उघडला. आतल्या प्लेटा एकमेकींना चिकटून एक भाकर झाली होती. हा गंज तीस वर्षांचा, की त्या दिवशीचा? कोण सांगणार?

प्लेटा सुट्या केल्या. घमेल्यात रॉकेल ओतून बुडवून ठेवल्या. रोज एक काढायची, चिंचेच्या कोळानं घासायची, धुवायची, पुसायची, तेल लावायचं. हळू काम. घाई केली की पुन्हा गंज धरतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाठीमागून आवाज आला.

खट्...

क्लचची लिव्हर दाबून सोडली की होतो, तसा.

मी वळलो. गाडी स्टँडवर. वायर तर मी काढून ठेवलेली. शेडमध्ये कुणी नाही.

उंदीर असेल म्हटलं.

पाचव्या दिवशी जेवून आलो. घमेल्यात सहा प्लेटा सोडून गेलो होतो. आता पाचच होत्या.

सहावी फळीवर होती...

घासलेली. पुसलेली. तेल लावलेली. तेलात अंगठ्याचा ठसा.

मी माझा अंगठा शेजारी टेकवून बघितला. तो ठसा माझा नव्हता. दुकानाला कुलूप होतं, किल्ली माझ्या करगोट्याला.

ज्ञानेश्वरीला काही बोललो नाही.

मग खंडेनवमी आली. आजूबाजूची दुकानं बंद. प्रत्येकाची हत्यारं पाटावर. माझीच तेवढी हातात होती. शेजारचा काकासाहेब जाता जाता ओरडला, "काय कारभारी, म्हातारपणी देव सोडला का?"

"देवालाच इचार," म्हटलं.

क्लच बसवला. वायर जोडली. राहिला शेवटचा नट.

ते काम दोघांचं असतं. एकानं वर हँडलची लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्यानं खाली बसून वायरचा ताण बघत नट आवळायचा. पूर्वी हनुमंतच लिव्हर धरायचा.

मी खाली बसलो. हातात पाना. मान खाली. आणि जुन्या सवयीनं तोंडातून निघून गेलं...

"दाब रे."

लिव्हर दाबली गेली.

वायर माझ्या डोळ्यांसमोर ताठ झाली.

रस्त्यावर आवाज नव्हता. समोरच्या बाभळीत चिमण्या असतात, त्याही गप्प. डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण त्याची करकर ऐकू येईना.

मी वर बघितलं नाही. बघायचं धाडस नव्हतं. नट आवळला. दोनदा पाना निसटला.

"सोड."

वायर सैल झाली.

"पुन्हा दाब."

पुन्हा ताठ.

मला माफी मागायची होती. पण मी रडत बसलो, आणि वर बघेपर्यंत...

हँडलजवळ कुणी नव्हतं. लिव्हरच्या धातूवर बोटांची वाफ होती. बघता बघता ती विरली.

दसऱ्याच्या सकाळी ज्ञानेश्वरी गाडी घेऊन गेली. दिवसभर मी रस्त्यावर बसून होतो. पाणीसुद्धा गेलं नाही घशाखाली.

दिवस कलताना ती आली. गाडी स्टँडवर लावली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"तात्या, घाटात वळणावर ट्रक आडवा आला. मी क्लच दाबायच्या आधीच दाबला गेला. माझ्या हातावर हात होता..."

मी तिच्या हाताकडं बघितलं.

"आणि आजीकडं तर वेगळंच."

तिची आजी बनुबाई, हनुमंताची सासू. नव्वदीची. दहा वर्षं झाली, दोन्ही डोळे गेलेले.

"मी उंबऱ्यात पाय ठेवला तर म्हणली, जावई दारात का उभं? आत या म्हणावं. मी म्हटलं, आजी, मी एकटीच आहे. तर मलाच खुळी म्हणली. पाट मांडायला लावला. मग त्या रिकाम्या पाटाशी बोलत बसली."

"काय बोलली?"

"म्हणली, जावई लेकीकडंच बघत्यात नुसतं. उशीर झाला म्हणत्यात."

मी गाडीच्या रिकाम्या हँडलकडं बघितलं.

"मग तिनं विचारलं, येवढा का उशीर?"

"मग?"

"मग काही न्हाई. गप्प बसले म्हणे. तिला दिसत न्हाई, तात्या. तरी म्हणली, मान खाली घालून बसलेत."

ज्ञानेश्वरी गाडीकडं बघत होती. "येताना गाडी हलकी वाटली." मग माझ्याकडं वळली. "का उशीर झाला असंल हो त्यांना?"

तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. नुसता प्रश्न होता.

मी बोललो नाही.

आता लिहिलं आहे. ती हे वाचेल. नंतर ती मला तात्या म्हणेल की नाही, माहीत नाही.

त्या दिवसापासून दुकानात काही वाजत नाही. दुपारी एकटा असलो की दोन-तीनदा हाक मारून बघितली...

कुणी येत नाही.

आजीनं उशिराचं कारण विचारल्यावर भावानं माझं नाव झाकलं, की ते सांगायचं काम माझ्यावर टाकून गेला... मला अजून कळलेलं नाही.