वाघ नसलेली भिंत

"ओ मॅडम, यात वाघ कुठाय?"

शिडीवर उभ्या शमिकाचा ब्रश जागच्या जागी थांबला. मिरकरवाड्याजवळच्या नव्या मच्छी खानावळीची अख्खी भिंत तिने आफ्रिकेच्या पिवळ्या गवताने भरली होती. धूळ उडवणारे हत्ती, काटेरी झाडं, लांबवर जिराफ. मालक आत्मारामकाका तरुणपणी बोटीवर होते, तिकडचं रान बघून आलेले. त्यांनाही ते हुबेहूब वाटलं होतं. मग हा कोण?

खाली एक तरुण छत्री मिटत उभा होता. भिजलेले केस, आणि ओठांच्या कोपऱ्यात... हसू.

"आफ्रिकेत वाघ नसतात."

"पण गिऱ्हाईकाला लागतो ना. मी हर्षद, काकांचा पुतण्या. खानावळ मीच बघणार."

"मग वाघही तुम्हीच काढा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरी तो रोज यायचा, आल्याचा चहा घेऊन. "छोटा चालेल." "झाडामागून नुसतं शेपूट?" ती खाऊ की गिळू अशा नजरेने बघायची. चहा मात्र प्यायची. रागाचा चहाशी काही संबंध नाही, असं तिचं मत.

शेवटी फक्त कोपऱ्यात तिचं नाव टाकायचं राहिलं. हर्षद म्हणाला, "वाघाशिवाय काम पुरं नाय झालं."

"मग माझं नावही नको." ही तिची पहिली भिंत होती. डोळे भरून आले, त्याचाही तिला रागच आला. ती ब्रश आवरू लागली.

तेवढ्यात आत्मारामकाका आले. "कसला वाघ रे? लहानपणापासून माझ्याकडून तिकडच्या गोष्टी ऐकतोस. तिकडे वाघ नाय, तुला म्हायत नाय?"

हर्षदचे कान लाल झाले. काका मान हलवत आत गेले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो... भिंत संपली की तुम्ही परत मंडणगडला, घरी जाणार. वाघाला अजून आठवडा लागला असता—"

"सरळ 'थांबा' म्हणायला जीभ झडली होती? तुमच्या खेळापायी पहिली भिंत बिननावाची सोडून निघाले होते मी."

"चुकलो. थांबा ना, शमिका."

बाहेर पाऊस कोसळत होता. तिने बारीक ब्रश काढला, कोपऱ्यात 'श' लिहिला आणि ब्रश पुसून ठेवला.

"बाकीची अक्षरं?"

"रोज एक," ती रागातच म्हणाली. "नाव संपलं, की मनात आहे ते सरळ विचारायचं. वाघाला मध्ये न आणता."