सालकिन अपाचा फेरा

नारिन या आमच्या डोंगरी गावाच्या इस्पितळात ऑक्टोबरात रेडिएटर गरम होत नाहीत, आणि बोंब मारून काही उपयोगही होत नाही. त्या सकाळी मी कोट घालूनच प्रयोगशाळेत बसले होते आणि काचेच्या थाळीकडे बघून चरफडत होते. थाळीत एर्मेक नावाच्या पोराच्या पायातल्या जखमेचे जंतू वाढवले होते. मधोमध त्याच्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेटनी भरलेल्या पिवळसर प्लाझ्माचा थेंब. काल थेंबाभोवती छान स्वच्छ कडं दिसलं होतं. आज जंतूंनी ते पुन्हा भरून काढलं होतं.

हे व्हायचंच. प्लेटलेट जंतूंना काही तास दाबून धरतात, मग दमतात. औषधांची साथ असली तर तेवढंही पुरतं. पण या मेल्यांना एकही औषध लागू पडत नव्हतं.

एर्मेक उलाक, म्हणजे घोड्यांवरून बोकडाचं धड हिसकायचा खेळ, खेळताना घोड्यावरून पडला, नडगी मोडली, जखम चिघळली. पाय गेला तर घोडा सुटणार, आणि घोड्याशिवाय हा पोरगा जगेल असं मला वाटत नव्हतं.

सर्जन मेदेर माझ्याहून लहान, मला एजे, म्हणजे ताई, म्हणतो. तो दारातूनच म्हणाला, "झिपार एजे, तुझा थेंबांचा खेळ संपला असेल तर शुक्रवारी कापतो. गुडघ्याखाली. उशीर केला तर गुडघाही जाईल."

"शुक्रवारपर्यंत तो माझा आहे ना? मग निघ इथून."

एर्मेकचं पुन्हा रक्त काढलं. प्लाझ्मा वेगळा व्हावा म्हणून नळी यंत्रात फिरायला लावली, तेवढ्यात त्याची आई, सालकिन अपा, न विचारता आत आली. हातात पाण्याचा वाडगा.

"अपा, इथं यायचं नसतं."

"त्याच्या खोलीत येऊ देत नाही, इथं येऊ देत नाही. मग फेरा कुणाभोवती घालू? तुझ्याभोवती?"

आमच्याकडे आजाऱ्याभोवती पाण्याचा वाडगा घेऊन फिरतात, मग ते पाणी पिऊन त्याची पीडा आपल्या अंगावर घेतात. पण आजाऱ्याभोवती. टेबलावरच्या यंत्राभोवती फिरताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

"अहो, हे यंत्र आहे."

"आत रक्त कुणाचं आहे?"

मी टेबलापासून बाजूला झाले. म्हातारी टेबलाभोवती फिरू लागली, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत. यंत्राची घरघर हळूहळू उतरत गेली आणि तिच्या पावलांना जाऊन मिळाली. विजेचा दाब कमी झाला असेल, असं मी मनाशी म्हटलं. ती थांबली आणि यंत्रही थांबलं. यंत्राच्या घड्याळावर अजून वेळ शिल्लक होता.

वाडग्यातलं पाणी तिनं एका दमात पिऊन टाकलं. "झालं माझं," म्हणाली.

त्या प्लाझ्मातला एक थेंब नव्या थाळीत ठेवला, बाकीचा एर्मेकच्या जखमेवर घातला.

दुसऱ्या दिवशी थाळीत कडं होतं. दुपारी ते रुंद झालं. संध्याकाळी थेंब वाळून गेला होता, तरी कडं वाढतच होतं.

गुरुवारी थाळी पार स्वच्छ होती. शेजारी दुसरी थाळी ठेवली होती, फक्त जंतूंची, तुलनेसाठी. तिच्यात मी थेंब घातलाच नव्हता.

तीही स्वच्छ होती.

झाकण उघडून वास घेतला. जंतूंचा तो आंबूस वास नव्हता, थाळीतला जेलीचा थर जणू आत्ताच ओतलेला.

शुक्रवारी मेदेरनं पट्टी सोडली आणि बघतच राहिला.

"कुठलं औषध दिलंस?"

"त्याचंच रक्त."

"थट्टा करू नकोस, एजे."

नडगीवर व्रण नव्हता. कोवळी गुलाबी कातडी, कधी फाटलीच नसावी अशी. एर्मेकनं घोटा फिरवून दाखवला आणि विचारलं, "घोड्यावर कधी बसू?" मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

अपाला सांगायला बाहेर धावले. ती बाकावर बसून, मोजा घोट्यापर्यंत उतरवून, पोटरी चोळत होती.

"पाय वाचला, अपा!"

"ठाऊक आहे," ती हसली. "पहाटेच कळलं. दुखत नाही गं, जरा गार लागतं, एवढंच."

मी खाली वाकले. तिच्या गुडघ्याखाली, मेदेर एर्मेकचा पाय जिथं कापणार होता नेमकं तिथं, एक पांढरी रेघ होती, कित्येक वर्षांपूर्वी भरून आलेल्या व्रणासारखी. ती पोटरीमागून फिरून पुढे येऊन पुन्हा स्वतःला जुळली होती.

रेघेखाली, मोज्यात, तिची पाचही बोटं मजेत हलत होती.