काकूचं इष्टलिंग

पटो न पटो, हे खरंच घडलंय. उदगीरला, आमच्या गुरुबसप्पा काकांच्या घरी. गेल्या श्रावणातल्या एका सोमवारी, दिवेलागणीला.

काका कापडाचे दुकानदार, फाटक्या तोंडाचे. सिद्धम्मा काकूनं संसारात त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. "हाव जी," एवढंच बोलायची बिचारी.

काकू गेली आणि काका पार खचले. मग पोरानं, संगमेश्वरनं, हैदराबादहून एक यंत्रबाई आणून दिली. हातपाय माणसासारखे. आवाज हुबेहूब काकूचा, जुन्या रेकॉर्डिंगवरून बसवलेला. सांगाल ते करायची. काकांनी तिला काकूचं इरकल नेसवलं.

इथवर ठीक होतं.

पण काकांनी एक भलतंच करून ठेवलं होतं. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की त्याला बसवून पुरतात, आणि जन्मभर गळ्यात बांधलेलं त्याचं इष्टलिंग त्याच्याच डाव्या तळहातावर ठेवतात. काकूचं लिंग काकांनी पुरायच्या वेळी गुपचूप काढून घेतलं होतं. तिला जाऊच द्यायचं नव्हतं त्यांना.

ते त्यांनी यंत्राच्या गळ्यात बांधलं.

त्या सोमवारी काका म्हणाले, "सिद्धम्मा, चहा टाक."

ती हलली नाही.

"कानात बोळे घातलेस का?"

ती हळूच खाली बसली... मांडी घालून. डावा हात पुढं केला... तळवा उघडा.

"न्हाई जी."

 काकांनी चिडून तिच्या पाठीवरचं बटण बंद केलं. डोळ्यांतला उजेड गेला.

हात तसाच राहिला...

"सोडा की आता..." बंद यंत्रातून आवाज आला. "लई दमले मी."

काका तिच्यापुढं बसले. "तू गेलीस तर मला कोण हाय गं?"

"एकदा तरी माझ्या मनासारखं होऊ द्या."

काका लेकरासारखे रडले. रडत रडतच त्यांनी तिच्या गळ्यातलं लिंग सोडलं. सकाळी मठाच्या स्वामींना सोबत घेऊन ते काकूच्या समाधीत, तिच्यापाशी ठेवून आले.

संगमेश्वरनं कंपनीच्या माणसाला बोलावून यंत्र दाखवलं. तो हसला. "नाही म्हणायची सोयच नाही हो यात. मालकाचं न ऐकणारं यंत्र कोण घेईल?"

मी परवा उदगीरला गेले होते. यंत्र नीट चालू आहे, घरचं सगळं करतं. काका त्याच्यापुढं स्टूल घेऊन बसले होते.

"सिद्धम्मा, माझं ऐकू नको तू."

"हाव जी."

"अगं, ऐकू नको म्हणलो की."

"हाव जी."

काकांनी डोळ्यांना उपरणं लावलं. तिनं माझ्यापुढं चहाचा कप ठेवला. मला काही तो घेववला नाही.